गुलाबावरचा पिठ्या ढेकूण: मित्रकीटक सोडण्याआधी, सोडताना आणि सोडल्यावर

मोबाईलवर फोटो येतो. गुलाबाच्या दांडीवर पांढरं, केसाळ, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं काहीतरी. खाली मजकूर: "भुंगेरे सोडून तीन आठवडे झाले. ढेकूण कमी व्हायचा सोडून दुप्पट मोठा झालाय. आज फवारून घेऊ का?"

तो पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस पिणारी पांढरी कीड, नसतो. ढेकूण खाण्यासाठी पैसे देऊन सोडलेल्या क्रिप्टोलिमस या भुंगेऱ्याची ती अळी असते आणि ढेकूण खाऊनच तेवढी झालेली असते. उत्तर जाईपर्यंत बऱ्याचदा पंप सुरू झालेला असतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, हातकणंगले, करवीर या पट्ट्यातल्या पॉलिहाउसांत "मित्रकीटक आमच्याकडे चालत नाहीत" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. खोलात गेलं की दिसतं, कीटक चालत होते, आपणच त्यांना मारलं. सोडण्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत काय फवारलं आणि नंतरच्या सहा आठवड्यांत काय केलं, सगळा निकाल त्यात आहे. मधलं सोडण्याचं काम अर्ध्या तासाचं. म्हणून इथे तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

## टप्पा १: समोर नक्की काय आहे ते ओळखा

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मोबाईलचा झूम पुरत नाही.

पिठ्या ढेकणाची मादी ३ ते ५ मिलिमीटर, अंडाकृती, मऊ. कडेने मेणाचे आखूड, एकसारखे तंतू. डिवचलं तरी जागची फारशी हलत नाही. पाठीवर काळपट डागांच्या जोड्या दिसल्या तर तो कपाशीवरचा ढेकूण समजा. चिरडल्यावर आतून गुलाबी-लालसर निघालं तर द्राक्षावाल्यांच्या ओळखीचा गुलाबी ढेकूण. दोन्ही कापसासारख्या पिशवीत अंडी घालतात आणि आपल्या भुंगेऱ्याला ती पिशवीच हवी असते, कारण तो स्वतःची अंडी तिच्यातच घालतो.

मागे लांब शेपट्या असलेल्या जाती अशी भरघोस पिशवी करत नाहीत. तिथे भुंगेरा चार दिवस फिरतो, खातो आणि निघून जातो. त्या प्लॉटला क्रायसोपर्ला हा दुसरा मित्रकीटक जास्त उपयोगी.

पांढऱ्या पिशवीवर लांबीच्या दिशेने सरळ रेघा, जणू चुन्या घातल्यात असं दिसलं तर तो पिठ्या ढेकूणच नाही. ती आयसेरिया नावाची खवले कीड. तिच्यावर रोडोलिया हा वेगळा लाल-काळा भुंगेरा लागतो. हे न बघता पार्सल मागवलं तर पैसे वाया.

आता मित्र ओळखा, यातच सगळ्यात जास्त चुका होतात.

क्रिप्टोलिमस भुंगेरा: ३ ते ४ मिलिमीटर, काळपट तपकिरी. डोकं, मान आणि पंखांचं मागचं टोक नारिंगी. त्याची अळी: पांढऱ्या मेणाची, पण तंतू लांब आणि विस्कटलेले, आंघोळ घातलेल्या लोकरी कुत्र्यासारखे. पूर्ण वाढलेली अळी १३ मिलिमीटरपर्यंत जाते. एवढा मोठा पिठ्या ढेकूण नसतो.

क्रायसोपर्ला: अंडी केसासारख्या दांडीच्या टोकावर एकेकटी. अळी करड्या रंगाची, पुढे चिमट्यासारखे दोन दात.

फुकटात आलेले पाहुणे: दोन मिलिमीटरचे बारके तपकिरी भुंगेरे (स्किम्नस), त्यांच्या अळ्याही पांढऱ्याच. कधी ढेकणाच्या गर्दीत पिठाने माखलेली, गोगलगायीसारखी चपटी अळी दिसेल. ती स्पाल्गिस या छोट्या फुलपाखराची. तिचा कोष माकडाच्या तोंडासारखा दिसतो, एकदा पाहिला की विसरत नाही. तिलाही ढेकूणच लागतो. आणि फुगून तपकिरी, टणक झालेले ढेकूण दिसले तर त्यांच्या आत परजीवी गांधीलमाशी वाढते आहे. ते चिरडू नका.

> तपासणी: शंका आली की पांढरी वस्तू काडीने हळूच कागदावर घ्या आणि उलटी करा. पायांच्या तीन ठळक जोड्या दिसल्या आणि ती तुरुतुरु पळाली तर अळी. सुस्त पडून राहिली तर ढेकूण. हे पॉलिहाउसात काम करणाऱ्या प्रत्येक ताई-दादाला एकदा हातात घेऊन दाखवा. तुम्ही वाचलंत आणि फवारणारा मात्र दुसराच असेल तर उपयोग नाही.

आणखी एक गैरसमज खास आपल्याकडचा. २००२ नंतर उसावर लोकरी मावा आला तेव्हा डिफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे मित्रकीटक असलेली पानं तोडून दुसऱ्या फडात नेऊन बांधलेली अनेकांना आठवतात. तोच धडा धरून काही जण उसातली पानं गुलाबात आणतात. डिफाची अळी माव्यावर जगते, पिठ्या ढेकणावर नाही. पद्धत बरोबर होती, कीटक वेगळा आहे.

## टप्पा २: फवारणीची वही उघडा

वही नसेल तर आजपासून ठेवा, आणि मागच्या तीन महिन्यांचं दुकानदाराच्या बिलांवरून जुळवा.

मी धरतो त्या मुदती अशा. सायपरमेथ्रीन, लॅम्डा-सायहॅलोथ्रीन, बायफेन्थ्रीन या गटाची फवारणी झाली असेल तर ८ ते १२ आठवडे थांबायचं. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉसनंतर ६ ते ८ आठवडे. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झामची ठिबकमधून आळवणी झाली असेल तर दोन-तीन महिने विषय काढू नका. औषध झाडाच्या रसात असतं, तो रस ढेकूण पितो आणि तो ढेकूण भुंगेरा खातो. पान स्वच्छ दिसतं म्हणून फसू नका.

आता बुप्रोफेझिन. "मित्रकीटकांना सुरक्षित" म्हणून हे सर्रास सांगितलं जातं. भुंगेरा त्याने मरत नाही, हे खरं. पण औषधाचं कामच कात टाकण्यात अडथळा आणण्याचं, आणि भुंगेऱ्याची अळीही कात टाकूनच वाढते. भुंगेरे फिरताना दिसतात, पुढची पिढी मात्र उभीच राहत नाही. पायरीप्रॉक्सिफेनचंही तसंच. कीटक सोडण्याआधी महिनाभर आणि नंतर पूर्ण काळ ही दोन्ही बाजूला ठेवा.

भुरीसाठीची बहुतेक बुरशीनाशकं चालतात. गंधकाची धुरळणी मात्र बंद.

> तपासणी (ही चुकवू नका): मलमलीची पिशवी करा. ढेकूण असलेल्या फांदीवर ती चढवा, आत १० भुंगेरे सोडा आणि तोंड बांधा. दोन दिवसांनी उघडा. आठ किंवा जास्त जिवंत असतील तर प्लॉट तयार आहे. पाच मेले असतील तर मुख्य पार्सल मागवू नका. अशी पिशवी दोन-तीन ठिकाणी लावा, कारण फवारा सगळीकडे सारखा बसलेला नसतो.

पुरवठादाराला आधी नमुन्याचे तीसेक भुंगेरे पाठवायला सांगायचे. कुरकुर करतात, पण देतात.

## टप्पा ३: मुंग्या हटवा

माझ्या मते फसलेल्या प्रयोगांमागे औषधाच्या खालोखाल कारण हेच, आणि याकडे कुणी बघत नाही.

ढेकूण गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो पितात आणि बदल्यात राखण करतात. क्रिप्टोलिमसची मोठी अळी मेणामुळे थोडी वाचते. पण अंडी, बारक्या अळ्या आणि क्रायसोपर्लाची अंडी मुंग्या उचलून नेतात. मुंग्यांची रांग असलेल्या बेडवर भुंगेरे सोडणं म्हणजे दार उघडं ठेवून कोंबड्या पाळणं.

क्रमाने करा.

१. बेंडिंग केलेल्या (वाकवून ठेवलेल्या) फांद्या बेडच्या कडेवरून मातीला टेकल्या असतील तर उचला किंवा छाटा. फांद्या, आधाराच्या तारा, ठिबकची नळी हे सगळे मुंग्यांचे पूल आहेत.

२. सकाळी सातच्या सुमारास रांगेचा माग काढत वारुळापर्यंत जा. बहुतेक वेळा ते बेडच्या कोपऱ्यात किंवा बाहेर गटारीच्या कडेला सापडतं.

३. आमिष ठेवा: १ लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम बोरिक ॲसिड. कापसाचा बोळा भिजवून झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या डबीत, रांगेच्या वाटेवर. बोरिक ॲसिड वाढवू नका. जास्त कडक केलं तर मुंगी वाटेतच मरते, वारुळापर्यंत नेत नाही. दर तीन-चार दिवसांनी बोळा बदला. डबीवर "विष" लिहा आणि ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

४. पॉलिहाउसच्या आधाराच्या पायांना ग्रीसचा चार बोटं रुंद पट्टा.

दोन आठवडे लागतात. मुंग्यांसाठी बेडवर क्लोरपायरीफॉस ओतण्याचा मोह होईल. मग टप्पा २ पुन्हा पहिल्यापासून.

याच काळात बाहेरच्या बाजूचं गाजरगवत, आघाडा, पेटारी काढून टाका. ढेकूण तिथूनच येतो. दारात शोभेला जास्वंद असेल तर तीही एकदा उलटसुलट करून बघा. ढेकूण बसलेला असेल तर छाटून टाका.

## टप्पा ४: गर्दी कमी करा, पण संपवू नका

पूर्ण माखलेल्या प्लॉटवर भुंगेरे सोडले तर ते हरतात. एकही ढेकूण नसलेल्या प्लॉटवर सोडले तर उपाशी मरतात किंवा उडून जातात. मधली अवस्था साधायची.

जास्त माखलेल्या, निकामी फांद्या कापून तिथल्या तिथे पिशवीत भरा. उघड्या पाटीतून संपूर्ण पॉलिहाउसभर फिरवत नेल्या तर पिल्लं प्रत्येक बेडवर सांडतात. डोळा भरलेला (कलमाचा) सांधा, बेंडिंगची खालची बाजू, जुन्या सालीच्या भेगा, ही लपण्याची ठिकाणं. तिथे मऊ ब्रश आणि पाण्याचा जोरदार झोत.

मग फिश ऑइल रोझिन सोप २५ ग्रॅम प्रति लिटर, फक्त प्रादुर्भाव असलेल्या जागी. आधी चार झाडांवर करून दोन दिवस बघा. कोवळी लाल पालवी जळू शकते आणि कळीवर डाग पडला तर ते फूल बाजारातून गेलं. साबण वाळला की त्याचा त्रास उरत नाही, त्यामुळे तीन दिवसांनी भुंगेरे सोडता येतात. जुन्या कात्रणांत साबणाबरोबर डायक्लोरव्हॉस मिसळायला सांगितलेलं सापडेल. त्यावर बंदी आहे आणि आपल्या कामाचं तर ते नाहीच.

जून ते सप्टेंबर हवा दमट असते. तेव्हा भुंगेऱ्यांपेक्षा व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी, ५ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी. तिच्या मागेपुढे आठवडाभर रासायनिक बुरशीनाशक नको, नाहीतर तीच मरते.

## टप्पा ५: किती आणि कधी

भुंगेरा २२ ते २८ अंशांत जोमाने काम करतो. १६ च्या खाली मंदावतो, ३३ च्या वर शोधाशोध सोडून देतो. कोल्हापुरात याचा सरळ अर्थ ऑक्टोबर-नोव्हेंबर हा पहिला हंगाम आणि फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हा दुसरा. एप्रिल-मेमध्ये बाहेर ३७ असताना पत्र्यासारख्या तापलेल्या पॉलिहाउसात कीटक सोडू नका.

फेब्रुवारीच्या बाजारासाठी माल करणाऱ्यांनी तारीख उलटी मोजावी. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत चार ते पाच आठवडे लागतात. दोन पिढ्या व्हायला हव्यात आणि जानेवारीच्या शेवटी तोडणी सुरू होताना दांडीवर पांढऱ्या अळ्या दिसता कामा नयेत. खरेदीदाराला मित्र-शत्रू कळत नाही, त्याला फक्त किडा दिसतो. म्हणजे पहिलं सोडणं ऑक्टोबरअखेर, फार तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा. डिसेंबरात जागे झालात तर यंदा या मार्गाला जाऊ नका.

संख्या मोजताना पूर्ण पॉलिहाउसचं क्षेत्र धरू नका. रंगीत फीत घेऊन फिरा आणि ढेकूण असलेल्या जागा बांधून काढा. त्या जागांना चौरस मीटरला, थोडा असेल तर २ आणि जास्त असेल तर १० भुंगेरे. समजा २० गुंठ्यांत सगळ्या डागांचं मिळून ४० चौरस मीटर भरलं आणि प्रादुर्भाव मध्यम आहे, तर ५ च्या हिशेबाने २०० भुंगेरे. दोन आठवड्यांनी आणखी तेवढेच. २०० एकाच दिवशी सगळीकडे शिंपडले तर नर-मादी एकमेकांना सापडत नाहीत.

क्रायसोपर्ला हा जोडीचा गडी. तो पिल्लं आणि अंडी खातो, मोठ्या ढेकणाला फारसा हात घालत नाही. त्याच्या अळ्या एकमेकांना आणि भुंगेऱ्याच्या बारक्या अळ्यांनाही खातात. म्हणून भुंगेरे दाट डागांवर आणि क्रायसोपर्लाच्या अंड्यांची कार्डं विखुरलेल्या ढेकणांच्या बेडवर, सावलीत, दूरदूर टाचायची.

## टप्पा ६: पार्सल उतरवणं आणि सोडणं

कीटक कुठे मिळतील हे तळसंदे किंवा कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. खासगी प्रयोगशाळेकडून मागवणार असाल तर पार्सल गुरुवार-शुक्रवारी निघू देऊ नका, मध्ये रविवार आला की ते गोदामात पडून राहतं. बसने येत असेल तर तावडे हॉटेलच्या चौकात स्वतः जाऊन उतरवून घ्या. डबा गाडीच्या डिकीत नको, डॅशबोर्डवर तर नकोच.

घरी आल्यावर डबा सावलीत उघडा. दहातले आठ-नऊ चालत असावेत. लगेच सोडणं जमत नसेल तर थंड खोलीत एक रात्र, कागदावर मधाचे बारीक ठिपके देऊन. फ्रिजमध्ये ठेवू नका.

सोडण्याच्या दिवशी:

१. फॉगर आणि वरून पाणी बंद, पुढचा पूर्ण दिवसही.

२. डागांजवळचे पिवळे आणि निळे चिकट सापळे आठ-दहा दिवस काढा. भुंगेरे पिवळ्यावर जाऊन चिकटतात, मग शेतकरी म्हणतो "गायब झाले".

३. बाजूचे पडदे खाली आणि छपराजवळची फाटलेली जाळी शिवलेली. भुंगेरा उजेडाकडे उडतो.

४. वेळ सूर्यास्ताच्या सुमाराची. सकाळी दहाला सोडलेले अकराला छताला लागलेले दिसतील.

५. डबा झटकू नका. कागदाच्या पट्टीवर पाच-सहा घेऊन ढेकणाच्या गर्दीला पट्टी टेकवा, ते आपोआप उतरतात. मोकळ्या पानावर नाही, थेट गर्दीवर.

सोडलेल्या झाडांपैकी दहांना क्रमांकाची चिठ्ठी बांधा. पुढचं सगळं या दहा झाडांवर ठरणार आहे.

## टप्पा ७: पहिले सहा आठवडे हात आवरा

तिसरा दिवस: दहापैकी पाच-सहा झाडांवर तरी भुंगेरा दिसावा. लाजाळू असतो, सांध्यात लपतो.

दहावा ते पंधरावा दिवस: भिंगाने बारक्या पांढऱ्या अळ्या. दहाही झाडांवर एकसुद्धा नसेल तर काहीतरी बिघडलं आहे. मुंग्या परतल्या का, शेजारच्या उसात तणनाशक-कीटकनाशकाचा फवारा वाऱ्याने आत आला का, कुणी परस्पर काही मारलं का, हे शोधा. कारण सापडल्याशिवाय दुसरं पार्सल मागवू नका.

विसावा ते पंचविसावा दिवस: अळ्या मोठ्या, पॉलिहाउस आधीपेक्षा जास्त पांढरं. सुरुवातीचा तो फोटो याच दिवसांत येतो. एक अळी वाढीच्या काळात अडीचशेपर्यंत बारके ढेकूण संपवते आणि नेमक्या याच वेळी आपण पंप उचलतो.

तिसावा ते पस्तिसावा दिवस: पानाच्या मागे, कोरड्या पानांत, नळीच्या खाली कोष, मग नवे भुंगेरे. बेडवरचा पालापाचोळा या आठवड्यात झाडून काढू नका.

> तपासणी: ढेकूण मेला तरी कापूस तसाच चिकटून राहतो आणि लांबून प्रादुर्भाव कायम वाटतो. गुलाबाचाच एक काटा मोडा आणि कापूस उकला. आत कोरड्या साली असतील तर काम झालं आहे. ओलसर, चिकट, जिवंत असेल तर अजून बाकी आहे. नव्या पानांवर चिकटा येणं थांबलं, हीसुद्धा चांगली खूण.

मधेच थ्रिप्स किंवा लाल कोळी वाढला तर? तेवढ्याच बेडला, तेवढ्याच भागाला औषध, आणि चिठ्ठ्या लावलेल्या जागा सोडून. पूर्ण पॉलिहाउसवर फवारा मारायची वेळ आलीच तर भुंगेरे गेले असं धरून चाला.

भुंगेरा दाट जागा साफ करतो, विखुरलेले चार ढेकूण त्याला सापडत नाहीत. मुळाजवळ मातीत उतरलेल्यांपर्यंतही तो जात नाही. ते ब्रशने, साबणाच्या बोळ्याने, हातानेच काढायचे. शंभर टक्के सफाई कुणी कबूल करत असेल तर त्याच्याकडून कीटक घेऊ नका.

## टप्पा ८: तोडणी आणि छाटणीत मित्र बाहेर जाऊ देऊ नका

तोडणारे दांडी पुसून घेतात आणि अळ्या त्या फडक्यात जातात. दांडीवर अळी दिसली तर ती काडीने उचलून खालच्या बेंडिंगवर ठेवायची, एवढंच सांगा. दोन दिवसांत सवय होते.

कीटक सोडल्यानंतर छाटलेल्या फांद्या लगेच जाळायच्या नाहीत, त्यांच्यावर कोष असतात. जुन्या परातीत पाणी घाला, मधोमध दोन विटांवर क्रेट ठेवा आणि फांद्या त्यात रचा. भुंगेरे उडून बेडवर जातात. ढेकणाच्या पिल्लांना पंख नाहीत, ती पाण्यात पडतात. आठ-दहा दिवसांनी फांद्या नष्ट करा. परातीतलं पाणी रोज बघा, आटलं की पूल तयार झाला.

## पुढच्या हंगामासाठी: तांबड्या भोपळ्यावर पैदास

दरवर्षी पार्सल मागवायचं नसेल तर हे जमण्यासारखं आहे, फक्त जागा पॉलिहाउसपासून लांब हवी. खोलगट रेघांचा, दोन-तीन किलोचा, देठासह तांबडा भोपळा घ्या. धुऊन ०.१ टक्का कार्बेन्डाझिमच्या पाण्याने पुसा, वाळवा, जखमा मेणाने बंद करा. ढेकणाच्या अंड्यांच्या पिशव्या त्यावर ठेवा. १५ ते २० दिवसांत भोपळा पांढरा होतो. मग जाळीच्या पेटीत तो ठेवून शंभरेक भुंगेरे एक दिवस आत सोडा आणि परत काढून घ्या. महिनाभराने नवे भुंगेरे निघू लागतात, एका भोपळ्यावर साधारण दीडशे-पावणेदोनशे. पेटीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. इथेही मुंगी पोचली की महिन्याची मेहनत एका रात्रीत जाते.

भोपळे एकदम नको, दर आठवड्याला दोन-दोन लावा. आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा, म्हणजे ऑक्टोबरअखेर पेटी भरलेली असेल.